जेलच्या पिच्चरचा दुसरा भाग

आमच्या वरच्या खाचराच्या बांधावर एक बांबू रोवलेला आहे आणि त्याला सुतळीनं एक सीडी बांधलेली आहे. वारा आला की ती गिरकी घेते. मग तिच्यावर पडलेल्या उन्हाचा एक तुकडा पिकलेल्या भातावरून पळत जातो, बांधाला आपटतो आणि विझतो. पाखरांनी भ्यावं म्हणून ती तिथं बांधली होती. पहिल्या वर्षी भ्यालीही असतील. आता एक चिमणी बांबूच्या टोकावरच बसलेली असते आणि तिच्या पायाखाली तो उजेड फिरत असतो.

भोरला कॉलेज सुटलं की मी उत्रोलीपर्यंत चालत येते. हल्ली घरी न जाता आधी या बांधावर येऊन बसते. सीडीवर काळ्या पेनानं 'भाग २' असं लिहिलेलं होतं, ते पावसानं गेलं. दोनाचं शेपूट तेवढं उरलं आहे. ही सीडी एका जुन्या हिंदी सिनेमाची, जेलच्या पिच्चरची. पहिला भाग घरात, टीव्हीखालच्या फळीवर, कागदाच्या पाकिटात आहे. तो मी इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटून सांगू शकेन. दुसरा भाग मी कधीच पाहिला नाही.

आमच्या खाचराला लागून किसनआबांचं खाचर आहे. यंदा कापणी रविवारी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. आमच्यात अजून सावडीनं काम चालतं. आज सगळ्यांनी मिळून तुमचं शेत उरकायचं, उद्या आमचं. आदल्या दिवशी संध्याकाळी किसनआबा आळीतून चालत जातात आणि प्रत्येक दारासमोर थांबून नावानं हाक मारतात. "सोपानाऽ, उद्या आमच्याकडं." "मारुतीऽ, विळा घासून ठेव रं." आत कुणी जात नाही, चहाही घेत नाही. आतून नुसतं "येतो आबा" असं उत्तर येतं आणि आबा पुढच्या दारी जातात. लहानपणी मला ते गाण्यासारखं वाटायचं. आमच्या दाराशी आले की मात्र आबांची हाक बदलते. ते नुसतं म्हणतात, "दोन माणसं द्या उद्या."

त्या दोन माणसांतले एक माझे दादा, म्हणजे वडील. दुसरे तात्या, माझे धाकटे चुलते.

तात्यांचं नाव दत्तू. हे नाव आळीत कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आई सांगते, पूर्वी आबांची पहिली हाक त्यांनाच असायची. कापणीत त्यांच्या पुढं कुणाची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, जायची नाही आणि झोडणीला पेंढी आपटली की दाणा खळ्याच्या पार कडेला उडायचा. मग तात्या आत गेले. आमच्या घरात जेल हा शब्द वापरत नाहीत, 'आत' म्हणतात. का गेले ते मी इथं लिहिणार नाही. मला ते सगळं ठाऊकही नाही, आणि जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरून काही लिहिणं बरोबर वाटत नाही. मी बालवाडीत होते तेव्हा ते गेले आणि पाचवीत होते तेव्हा परत आले.

या सत्रात सरांनी आम्हांला एक काम दिलं. एखादा जुना चित्रपट निवडायचा आणि त्याचे गुण आणि दोष स्वतःच्या भाषेत लिहायचे. "मोबाईलवरून उतरवून आणू नका," असं सर म्हणाले. माझी पाळी आल्यावर मी या पिच्चरचं नाव सांगितलं.

सर जरा चमकले. "तो? तो तुमच्या पिढीतल्या कुणी पाहिलाय?"

"घरी आहे, सर."

अर्धाच आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. चुकीचं काही बोलले तर कुणीतरी येऊन बाकावरून उठवेल, असं अजूनही वाटतं. म्हणून मी वहीत लिहिलं: गुण. खाली थोडी जागा सोडून: दोष.

तो पिच्चर आमच्या घरात आला तो काकूमुळे. काकू म्हणजे तात्यांची बायको. तात्या आत गेले त्या वर्षी तिला झोप नसायची. दिवसभर काम करायची आणि मधेच हात थांबवून विचारायची, "भावजी, तिथं निजाया काय देत असतील?" दादांना काय ठाऊक असणार. मुलाखतीच्या वेळी जाळीतून दोन मिनिटं बोलणं व्हायचं, त्यात तात्या नुसतं "बरं हाय" म्हणायचे. शेवटी दादा एकदा भोरच्या बाजारात गेले आणि सीड्या विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, "जेल आतनं दाखवलंय असा एखादा पिच्चर हाय का?" त्यानं हा दिला, दोन सीड्यांचा.

आता हसू येतं, आणि लगेच ते जातंही. आम्ही तो पिच्चर सिनेमा म्हणून पाहिलाच नाही. बातमी म्हणून पाहिला. संध्याकाळी चुलीवर भात रटरटत असायचा, सारवलेल्या जमिनीचा ओला वास असायचा, आणि त्यात सीडी प्लेअर तापल्यावर येणारा प्लॅस्टिकचा वास मिसळायचा. काकू टीव्हीच्या इतकी जवळ बसायची की तिच्या कपाळावर निळा उजेड पडायचा. हिरो पुढं उभा राहून मोठं काहीतरी बोलत असायचा आणि ती त्याच्याकडं बघायचीच नाही. ती बघायची मागच्या माणसांकडं. रांगेत बसलेली, तोंड नीट न दिसणारी, एकही वाक्य नसलेली माणसं.

"तो बघ, कडंचा तिसरा. ह्यांच्यासारखाच बसतो का न्हाई? गुडघा वर घेऊन."

"काकू, तो नट आहे."

"आसंना का. बसाया कुणीतरी शिकवलंच आसंल की त्याला."

वहीत गुणांच्या खाली मी पहिलं हेच लिहिलं आहे. या चित्रपटात मागची माणसं जिवंत आहेत. सरांना ते कसं वाटेल ठाऊक नाही. पण एक म्हातारा कैदी राखेनं आपली ताटली घासत राहतो, पिच्चरभर, मागं, कुणाच्याही लक्षात न येता. हिरो भांडतो तेव्हा तो घासतोय, जेलर ओरडतो तेव्हा घासतोय. तो म्हातारा मला हिरोपेक्षा जास्त आठवतो.

त्या पिच्चरमध्ये कैद्यांना एकेकच कांबळं दिलेलं दाखवलं होतं, आणि थंडीत हिरो कुडकुडत होता. ते पाहून काकूनं गोधडी शिवायला घेतली. जुन्या लुगड्यांचे थर, वर तिचं स्वतःचं एक हिरवं लुगडं. दुपारभर ती दारात बसून टाके घालायची. मी सुईत दोरा ओवून द्यायचे. दिवाळीनंतर ती गोधडी घेऊन पुण्याला निघाली, मीही बरोबर होते. एसटीत गोधडी मांडीवर, तिच्यावर मी. जेलच्या दारातल्या शिपायानं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मावशी, हे आत चालत नाही." आवाज चढवला नाही. घडी होती तशी करून परत दिली.

येताना कामथडीच्या पुढं एसटी बंद पडली. सगळे खाली उतरले. काकूनं रस्त्याच्या कडेला गवतावर ती गोधडी अंथरली आणि आम्ही दोघी तिच्यावर बसून दुसऱ्या गाडीची वाट बघत राहिलो. मोठ्या रस्त्यानं ट्रक जायचे तेव्हा गोधडीचं टोक उडायचं आणि काकू ते हातानं दाबून धरायची. डिझेलचा वास, तिच्या पदराला चुलीचा वास. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पिच्चरमधी न्हाई दाखवलं ते. आत काय चालत न्हाई ते."

दोषांच्या खाली हे लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

दुसरी सीडी काकूनं आधी एकटीनंच लावली. एके दुपारी मी शाळेतून आले तर टीव्ही चालू होता, पडदा नुसता निळा, आणि काकू तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, दुसरा भाग लाव. ती म्हणाली, "ती चालत न्हाई. खराब निघाली." त्यानंतर आम्ही फक्त पहिलाच भाग बघत आलो. पहिला भाग संपतो तिथं हिरोला अंधारकोठडीत टाकतात, दार बंद होतं आणि 'पुढील भाग दुसऱ्या सीडीवर' अशी अक्षरं येतात. माझ्या लहानपणी तो हिरो कायम तिथंच होता. आम्ही जेवायचो, निजायचो, शाळेत जायचो आणि तो त्या कोठडीत.

तात्या आले ते कापणीच्या दिवसांत. आबांच्या याच खाचरात सावड लागली होती. मी बांधावर पाण्याच्या कळशीजवळ होते. खालच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला, हातात कापडी पिशवी, अंगावर चुरगळलेला पांढरा सदरा. कुणीतरी मान वर केली. मग दुसऱ्यानं. विळ्यांचा आवाज एकेक करून थांबला. सगळे सरळ उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. इतकी शांतता मी खाचरात कधी ऐकली नव्हती. भाताच्या लोंब्या एकमेकींना घासत होत्या तेवढंच. तात्या बांधावर येऊन थांबले.

आबा म्हणाले, "आलात? बसा. पाणी द्या रं त्यांना."

मी कळशीतलं पाणी दिलं. तात्या प्याले. मग काकू पलीकडून धावत आली, पायाला चिखल लागलेला होता. तिला रडू आलं नाही, की तिनं येऊ दिलं नाही, मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, "घरी चला." ते दोघं गेले आणि त्यांच्या मागं विळे पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून तात्यांना कुणी वाईट बोललेलं नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर गावाबद्दल गैरसमज होईल. सावडीत ते जातात. पाणी आधी त्यांना देतात. जेवताना भाकरी आधी त्यांच्यापुढं ठेवतात. फक्त त्यांना कडेची पात देतात, आणि त्यांची कुणी चेष्टा करत नाही. सावडीत चेष्टेशिवाय काम होत नाही. "सोपाना, बायकोनं उपाशी धाडलं का?" "मारुत्या, भात काप, गवात नगं." असं दिवसभर चाललेलं असतं, पातीवरनं पातीवर. ते तात्यांच्या पातीपाशी आलं की वरून उडी मारून पुढं जातं. इतक्या वर्षांत मी ते मनात टिपत आले आहे. तात्यांनीही टिपलं असणार. संध्याकाळी आबा आळीतून हाका मारत येऊ लागले की ते हातातलं काम ठेवतात. सोपानाचं नाव, मारुतीचं नाव. मग आमचं दार. "दोन माणसं द्या उद्या." दादा म्हणतात, "येतो आबा." तात्या काम पुन्हा हातात घेतात.

परत आल्यावर काही दिवसांनी तात्याही आमच्याबरोबर तो पिच्चर बघायला लागले. आम्ही लावायला नको म्हणत होतो, तेच म्हणाले, "लावा की." दाराशी टेकून बसायचे. त्यांच्यामुळे मला त्या चित्रपटाचे अर्धे गुणदोष कळले, हे वहीत लिहिता येत नाही. गाणं आलं की ते म्हणायचे, "आता तंबाखू मळून घ्यावी." हिरोचे केस विंचरलेले दिसले की म्हणायचे, "ह्याला फणी कुणी दिली?" पण गिनतीचा प्रसंग आला की त्यांचा हात थांबायचा. कैदी अंगणात जोडीजोडीनं उकिडवे बसतात आणि शिपाई काठीनं हवेत मोजत जातो.

"हे खरं. दोन, चार, सहा. एखादा एकटा उरला की पुन्हा पहिल्यापासनं."

अजून तात्या जेवायला एकटे बसत नाहीत. दादांच्या शेजारी बसतात, आणि दादा उठले की घास राहिला असला तरी उठतात.

आणि एकदा, कोठडीच्या प्रसंगाला, ते म्हणाले, "आंधार खोटा हाय."

"म्हणजे, तात्या?"

"आत आंधार नसतो गं. दिवा मालवतच न्हाईत. रात्रभर उजेड." मग म्हणाले, "आंधार मिळाला आसता तर काय पायजे होतं."

ते झोपताना डोळ्यांवर टॉवेल टाकतात. घरात मिट्ट अंधार असला तरी टाकतात. हे कशामुळे ते मला त्या दिवशी कळलं. दोषांच्या यादीत मी लिहिलं: चित्रपटातील तुरुंग प्रमाणापेक्षा जास्त अंधारा आहे. किती कोरडं वाक्य झालं ते. पण मला यापेक्षा बरं सुचलं नाही.

शेवटाचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच होता. एक सीडी कुठंतरी मिळेल म्हणून मी भोरमध्ये दोन दुकानांत विचारून आले. लोक माझ्याकडं बघायला लागले. सीड्या विकायचं कधीच बंद झालं होतं. मोबाईलवर शोधलं तर नुसती गाणी. बांबूवरची सीडी सोडून आणून बघितली, प्लेअरनं ती आत घेऊन लगेच बाहेर टाकली. मी ती पुन्हा बांधून आले. शेवटी तात्यांना विचारलं. ते ओट्यावर विळ्याला नवी मूठ बसवत होते.

"तात्या, त्या पिच्चरचा दुसरा भाग तुम्ही पाहिलाय?"

"व्हय. आत दाखवलावता एकदा. पंधरा आगस्टला."

"शेवटी काय होतं?"

त्यांनी मूठ फिरवून बघितली. "सुटतो तो."

"मग?"

"मग गावाला येतो. यष्टीतनं उतरतो आन् बांधाबांधानं चालत येतो. भाताची कापणी चाललेली आसती. समदी वाकल्याली. हा बांधावर हुबा ऱ्हातो. कुणीबी वर बघत न्हाई."

"कुणीच नाही?"

"न्हाई ना. आपली कापत्यात. मग एक म्हातारा हाय, तो वाकल्या वाकल्याच वराडतो, लेका, बघत काय हुबा ऱ्हायलास, विळा घे. हा पिशवी ठिवतो, विळा घेतो आन् लागतो कापाया. संपला पिच्चर."

"त्याची आई? आणि पहिल्या भागातली ती बाई, त्याची वाट बघणारी?"

"दाखवली न्हाई."

"गाणं?"

"गाणं बिणं काय न्हाई. नुसता विळ्यांचा आवाज येतो. खर्र, खर्र." त्यांनी विळा हवेत दोनदा ओढून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी आणखी काही विचारलं नाही.

मी ते सगळं लिहून काढलं. गुणांमध्ये सगळ्यांत मोठा परिच्छेद त्याचाच झाला. लिहिलं, की एवढा भडक चित्रपट, ज्यात जेलर डोळे वटारून बोलतो आणि हिरो मार खाऊनही गातो, तो शेवटी इतका शांत होतो हे त्याचं खरं बळ आहे. माणसाला मोकळं करायला दार उघडावं लागतं हे सगळे सांगतात. त्याला कामाला लावावं लागतं, हे याच चित्रपटानं सांगितलं. हे वाक्य लिहून झाल्यावर मला वाटलं, कॉलेजात येऊन मी निदान एवढं तरी शिकले.

गुरुवारी सरांनी मला थांबवून घेतलं. माझे कागद त्यांच्या हातात होते.

"चांगलं लिहिलंयस. मागच्या माणसांबद्दलचं तर फारच चांगलं. पण हा शेवट कुठून आणलास?"

"चुकलं का, सर?"

"अगं, शेवटी तो मरतो. सुटकेच्याच दिवशी, जेलच्या दारात. बाहेर ती बाई हार घेऊन उभी असते. जेलर टोपी काढतो आणि मागं गाणं सुरू होतं. मी लहानपणी थिएटरात पाहिलाय, सगळं थिएटर रडत होतं." सरांनी कागद परत दिले. आवाज मऊ होता. "तू पाहिलाच नाहीस ना दुसरा भाग? असू दे. शेवट दुरुस्त करून सोमवारी दे."

मी "हो सर" म्हटलं. घरी चालत निघाले. खोटं पकडलं गेलं याची लाज होती, ती पुलापर्यंत टिकली. पुढं वेगळंच काहीतरी सुरू झालं. दोन्ही बाजूंनी पिकलेलं भात आणि त्याचा तो गोडसर, गरम वास. मला सारखी ती दुपार आठवत होती, एकेक करून थांबलेले विळे.

घरी काकू एकटीच होती. भाकरी थापत होती. मी म्हटलं, "काकू, दुसरी सीडी खराब नव्हती ना?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुणी सांगितलं?"

"शेवटी मरतो ना तो? दारात?"

"मरतो," ती म्हणाली. "येवढं समदं सोसून, आन् दारात मरतो. मला लई राग आला. म्हनलं ही सीडी घरात नगं. पयल्यांदा कणगीत दडवली. हे आल्यावर म्याच बांधली वर, पाखरं तरी भ्यातील."

"तात्या म्हणाले, आत पाहिला होता."

काकूचा हात थांबला. "ते तसं म्हनले?" मग पुन्हा थापायला लागली. "त्यांनी न्हाई बघितला. त्यांनी मला इचारलं हुतं, आल्यावर. शेवटी काय हुतं गं त्याचं? म्या म्हनलं, सीडी खराब हाय."

भाकरी फुगली. तिनं ती उतरवून माझ्यापुढं ठेवली, आणि मी काही न लावता कोरडीच खाल्ली.

शनिवारी संध्याकाळी आळीत हाका सुरू झाल्या. मी अंगणाच्या बाहेर जाऊन उभी राहिले. असं काही मी याआधी कधी केलं नव्हतं, मोठ्यांच्या मधे बोलायची आमच्यात रीत नाही. आबा आले. आता त्यांचंही वय झालं आहे, काठी घेऊन चालतात. त्यांनी दाराकडं तोंड केलं तेव्हा मी म्हटलं, "आबा, तात्यांना हाक मारा की."

"आँ? येतोच की त्यो. कोण नगं म्हणतंय?"

"नावानं मारा. सोपानकाकांना मारता तशी."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. संतापले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले. "कालिजात ह्येच शिकिवत्यात का तुमास्नी?" ते म्हणाले. थोडा वेळ काठीचं टोक मातीत फिरवलं. मग दाराकडं वळून, नेहमीच्याच आवाजात, "दोन माणसं द्या उद्या."

"येतो आबा," आतून दादा म्हणाले.

तात्या खिडकीशी होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

रविवारी दवानं भात ओलं होतं म्हणून काम जरा उशिरा लागलं. बायकांची पात वेगळी, मी आई आणि काकूच्या मधे. पलीकडं गडी माणसं ओळीनं वाकलेली, तात्या कडेला, आमच्या खाचराच्या बाजूला. सीडीचा उजेड मधून मधून त्यांच्या पाठीवरून जात होता. आबा कापत नव्हते, बांधावर बसून पेंढ्या बांधायला भाताच्या काडाचे आळे वळत होते आणि तोंड चालू होतं. सोपानाची चेष्टा झाली, मारुतीच्या पोटाची झाली. ऊन चढलं. तात्यांची पात मागं पडत होती. आता त्यांच्या गुडघ्यात काही राहिलेलं नाही, प्रत्येक मुठीनंतर ते विळ्याचा हात मांडीवर टेकतात. इतरांच्या आणि त्यांच्या मधे चारपाच हात उभं भात राहिलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. नेहमीसारखं कुणीतरी गुपचूप त्यांची पात उरकून देणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सोपानकाका त्यांच्याकडं सरकलेच.

"ऱ्हाऊ दे सोपाना," आबा म्हणाले. आळा वळता वळता, वर न बघता. "दत्तू, आरं लेका, नीज लागली का? म्हातारा म्या झालो का तू? वड पुढं पात!"

एक क्षण विळे थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. मारुतीकाका हसले आणि म्हणाले, "सासुरवाडीला निघालाय जनू, आसा चाललाय." कुणीतरी आणखी काही म्हणालं. माझ्या शेजारी काकूनं भाताची मूठ धरली होती, ती तिनं कापली नाही, नुसती धरून राहिली.

"येतो आबा," तात्या म्हणाले.

ते ऐकू येईल न येईल इतकं हळू होतं. मग ते भराभर कापायला लागले. चार मुठी, पाच मुठी. नंतर पुन्हा हात मांडीवर गेला. पात काही त्यांना गाठता आली नाही. शेवटपर्यंत ते मागंच राहिले आणि शेवटपर्यंत आबा त्यांना बोलत राहिले. दुपारी जेवायला सगळे बांधावर बसले तेव्हा तात्या सावलीत आडवे झाले, आणि टॉवेल डोळ्यांवर न घेता डोक्याखाली घेऊन झोपले. भर उजेडात.

आता संध्याकाळ आहे. आबांचं खाचर मोकळं झालंय, नुसती भाताच्या बुडांची धसं उरलीत आणि कापलेल्या पेंढ्याचा वास. उद्या आमचं. सीडी उतरवायला हवी, पण ती राहू दे असं वाटतंय, बांबू काढेपर्यंत. माझ्या मांडीवर ते कागद आहेत. सरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे मी शेवट दुरुस्त केला. गुणांतला तो मोठा परिच्छेद खोडला, वेळ लागला, पण पूर्ण खोडला. मग दोषांच्या यादीत सगळ्यांत खाली लिहिलं: शेवटी तो दारातच मरतो, आणि त्यामुळे गावाला त्याला हाक मारावी लागत नाही.